भांडण नुसतं अहंकाराचं नव्हतं

पहिलं इंटरनॅशनल, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली देशोदेशींच्या कामगारांची संघटना, मार्क्स आणि रशियन अराजकवादी बाकुनिन यांच्या अहंकारापायी फुटली, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. खुन्नस होतीच. मार्क्सच्या 'कॅपिटल' या ग्रंथाच्या रशियन भाषांतरासाठी बाकुनिनने ३०० रूबल उचल घेतली, काम अर्धवट टाकलं, आणि त्याच्या नेचायेव नावाच्या चेल्याने प्रकाशकाच्या मध्यस्थाला धमकीचं पत्र धाडलं. ते पत्र मार्क्सने संघटनेच्या १८७२च्या हेग अधिवेशनात बाहेर काढलं! बाकुनिन तिथे हजरही नव्हता; त्याची हकालपट्टी झाली.

पण स्वित्झर्लंडच्या जुरा भागातल्या, बाकुनिनच्या बाजूने उभ्या राहिलेल्या घड्याळ कारागिरांना या उचलीशी काय देणंघेणं? घरी किंवा छोट्या कारखान्यात, आपल्या मर्जीने काम करणारी ही माणसं; लंडनच्या जनरल कौन्सिलचे, म्हणजे संघटनेच्या मध्यवर्ती समितीचे, हुकूम त्यांना कसे रुचावेत? कामगारांनी मार्क्स म्हणतो तसा पक्ष काढून सत्ता घ्यावी की बाकुनिन म्हणतो तशी सत्ताच मोडावी, हा खरा वाद होता, आणि १८७१च्या पॅरिस कम्यूननंतर, म्हणजे पॅरिसच्या कामगारांनी काही आठवडे शहराची सत्ता हाती घेतल्यानंतर, तो टाळण्याजोगा उरला नव्हता.

हेगलाच मार्क्सचा सहकारी एंगेल्स याच्या ठरावाने कौन्सिल न्यूयॉर्कला हलवली, २६ विरुद्ध २३ मतांनी. संघटना बाकुनिनवाल्यांच्या हाती लागण्यापेक्षा लांब गेलेली बरी, असाच हिशेब दिसतो. १८७६मध्ये फिलाडेल्फियात ती गुंडाळली.