भूमध्य प्रदेशातील दुर्मीळ वनस्पती आणि जुने वाण: बियाणे गोठवून ठेवणे पुरेसे आहे का?

रब्बी_हंगाम
सीरियातील अलेप्पोजवळची, कोरड्या प्रदेशांतील शेतीवर संशोधन करणाऱ्या इकार्डा संस्थेची बियाणे बँक युद्धामुळे वापरता येईना, तेव्हा संस्थेने नॉर्वेतील स्वालबार्डच्या गोठवलेल्या बियाणे भांडारात आधीच ठेवलेले बियाणे 2015 मध्ये परत मागवले, लेबनॉन आणि मोरोक्कोत ते वाढवले आणि 2017 पासून ताजे बियाणे पुन्हा स्वालबार्डला पाठवण्यास सुरुवात केली. गहू, बार्ली, मसूर, हरभरा यांचे गावरान वाण अशा रीतीने वाचत असतील, तर रानातील वनस्पती जागच्या जागी राखण्यावर आणि शेतकऱ्यांकडील जुनी झाडे जपण्यावर वेगळा खर्च कशासाठी करावा? मी हरभऱ्याच्या वाणांचा अभ्यास करते, म्हणून हे नीट समजून घ्यायचे आहे.

वनवेल
ज्या वनस्पतीचे बी रुजतच नाही, तिचे काय करणार? सिसिलीच्या इब्लेई डोंगरात 1991 मध्ये झेल्कोवा सिकुला हे झुडपासारखे झाड सापडले. ते आपल्या वावळाच्या कुळातले आहे. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे त्याच्या फळांतून रोप उगवत नाही आणि ते केवळ मुळांच्या फुटव्यांवर पसरते. जगात त्याच्या दोनच जागा ठाऊक आहेत, आणि जनुकीय तपासणीत असे आढळले की त्यांपैकी प्रत्येक जागेवरची शेकडो झाडे मुळात एकाच झाडापासून पसरलेली आहेत. त्यामुळे वणव्याने किंवा लागोपाठच्या कोरड्या उन्हाळ्यांनी एक जागा नष्ट झाली, तर या जातीची उरलीसुरली विविधताही निम्म्यावर येईल. अशा झाडासाठी गोठवलेले भांडार निरुपयोगी आहे. ती जागा राखणे आणि फुटव्यांपासून किंवा प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे अधिक ओलाव्याच्या ठिकाणी लावणे, एवढेच मार्ग उरतात.

तांबडी_माती
ऑलिव्हला बी धरते, तरीही अडचण सुटत नाही. हापूसची कोय लावून हापूस मिळेलच असे नाही, तसेच ऑलिव्हचे आहे. वाण हवा तर जिवंत झाडाची फांदी हवी. म्हणूनच स्पेनमधील कोर्दोबा आणि मोरोक्कोतील मराकेश येथे निरनिराळ्या देशांतील वाणांच्या बागाच राखल्या आहेत.

या विविधतेचे मोल इटलीच्या पुलिया प्रांतात दिसले. तेथे 2013 मध्ये झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू आढळला. तुडतुड्यासारखा रस शोषणारा, फेसात वाढणारा एक कीटक तो झाडोझाडी नेतो. जिवाणू पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत साचतो. पाने टोकाकडून करपत जातात, मग एकेक फांदी वाळते आणि शेवटी शेकडो वर्षांचे झाडही उभे वाळून जाते. याच प्रांतातील सालेंतो भागात मुख्यतः ओल्यारोला सालेन्तिना आणि चेल्लिना दी नार्दो हे दोनच वाण होते आणि दोन्ही रोगाला बळी पडले. तोस्कानाकडचा लेच्चिनो आणि एफएस-17 या वाणांत जिवाणू शिरतो, पण त्याची संख्या कमी राहते, म्हणून आता मुख्यतः त्यांचीच लागवड होत आहे. या भागाने पुन्हा दोन वाणांवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. त्यापेक्षा, रोगट बागांच्या बांधांवर आपोआप उगवून तग धरलेल्या रोपांचा जो शोध शास्त्रज्ञ घेत आहेत, त्याकडे मी अधिक आशेने पाहतो.

ओलावा
हरभऱ्यापुरते सांगायचे, तर त्याचा रानटी पूर्वज, सायसर रेटिक्युलेटम, आग्नेय तुर्कस्तानच्या एका लहानशा पट्ट्यातच उगवतो आणि लागवडीच्या हरभऱ्याशी त्याचा संकर सहज होतो. उणे 18 अंशांवर ठेवलेले त्याचे बी अनेक वर्षे जवळजवळ गोळा केले तसेच राहते, आणि युद्धाच्या काळात नेमके तेच उपयोगी पडते. मात्र डोंगरउतारावरचे रोप दरवर्षी नव्या करप्याला आणि नव्या दुष्काळाला तोंड देत पिढ्यान्‌पिढ्या बदलत असते. तो उतार नांगरला गेला, तर हे बदलणे तिथेच थांबते.

रब्बी_हंगाम
सर्वांचे आभार. माझ्याकडील नमुन्यांच्या नोंदींत ते गोळा केल्याचे ठिकाण आणि वर्ष दिलेले असते. त्याच ठिकाणाहून अलीकडे पुन्हा गोळा केलेले बी जुन्या बियाण्याशेजारी पेरून कोणी तुलना केली असल्यास कृपया कळवावे.