नशीब वॉटर्लूला नव्हे, लिन्यीला

वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनशी झुंजणाऱ्या ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या मदतीला प्रशियाची (तेव्हाच्या जर्मन राज्याची) फौज ऐन संध्याकाळी येऊन पोहोचली हे त्याचे नशीब, असे म्हटले जाते. ते पटत नाही. १६ जून १८१५ रोजी लिन्यी येथे नेपोलियनकडून हरल्यावर ती फौज आपल्या रसदीच्या वाटेने पूर्वेकडे न जाता उत्तरेला वाव्रकडे वळली, आणि तिथून कुमक येणार या भरवशावरच वेलिंग्टन १८ तारखेला ठाण मांडून उभा राहिला. शिवाय प्रशियन सेनानी ब्यूलोच्या तुकड्या दुपारी साडेचारच्या सुमारासच लढाईत उतरल्या होत्या आणि प्लान्सन्वा गाव राखण्यासाठी नेपोलियनला आपल्या खास रक्षकदलातले यंग गार्ड तिकडे पाठवावे लागले.

नशीब शोधायचेच असेल तर ते लिन्यीला सापडते. तिथे प्रशियन सेनापती, ७२ वर्षांच्या ब्ल्यूखरचा घोडा गोळी लागून कोसळला आणि म्हातारा त्याच्याखाली अडकला. फ्रेंच चिलखती घोडेस्वार जवळून गेले, परतही आले, पण तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात त्यांनी सेनापतीला ओळखलेच नाही. शेजारी होता तो फक्त त्याचा सहायक नोस्टित्झ. सेनापतीचा पत्ता नसल्याने माघारीची दिशा त्याचा प्रमुख लष्करी अधिकारी (चीफ ऑफ स्टाफ) ग्नायझेनाऊने ठरवली. ठेचकाळलेला ब्ल्यूखर मात्र दोनच दिवसांत पुन्हा खोगिरावर होता. (गंमत म्हणजे हा गृहस्थ तरुणपणी स्वीडनकडून प्रशियाविरुद्धच लढत होता!)