मदत हवी आहे: अण्वस्त्र प्रसारबंदीच्या शिक्षणाबद्दल

नमस्कार मंडळी, मी यावल तालुक्यातला, केळीची शेती आहे. माझी पुतणी जळगावला फिजिक्समध्ये एमएस्सी करतेय आणि तिला अणुबॉम्ब जगात अजून पसरू नयेत म्हणून जे तपासणीचं, संशोधनाचं काम चालतं त्यातच जायचंय. घरचे म्हणतात बीएड कर, पण पोरगी पक्की आहे. परवा खळ्यात बसून तिने केळीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मला लिहून दाखवलं, ८ किलो प्लुटोनियम किंवा जास्त समृद्ध युरेनियममधलं २५ किलो यू-२३५ (युरेनियमचा बॉम्बला लागणारा प्रकार), एवढ्याचा जरी हिशोब लागला नाही तरी बॉम्ब होऊ शकतो असं धरून व्हिएन्नाच्या आयएईएचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे, इन्स्पेक्टर सील, कॅमेरे, नोंदवह्या सगळं तपासतात. अंगावर काटाच आला हो.

आता आयएईएची मारी क्युरी फेलोशिप आहे, मुलींना मास्टर्ससाठी, फीला २० हजार युरोपर्यंत आणि राहण्याखाण्याला तेवढेच, प्रसारबंदीचा विषयही चालतो. पण तिचं एक मास्टर्स होतच आलंय, मग दुसरं करायचं का? कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला ह्याच विषयाचं शिक्षण मिळायचं, पण तिथले मास्टर्स आता बंद होतायत, दिल्लीला जेएनयूतही निःशस्त्रीकरणाचं सेंटर आहे पण तिकडे राजकारणाचा अभ्यास जास्त, आणि हिला तर मोजमापाची बाजू आवडते. भारताने एनपीटीवर, म्हणजे अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर, सही केलेली नाही, त्यामुळे आपल्या पोरांना नोकरीत अडचण येते का?

एका कन्सल्टंटने पैसे घेऊन नुसत्या प्रिंटआउट हातात दिल्या. कोणाच्या घरातलं कोणी ह्या लाईनीत असेल तर दादा, ताई, प्लीज सांगा, ती स्वतः बोलेल.