मदत हवी आहे: स्कॉटलंडचा पूर्व किनारा, आई-बाबांसोबत, ट्रेनने

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात आई-बाबा इकडे येतायत (मी लीड्सला असते) आणि यावेळी त्यांना स्कॉटलंड दाखवायचंय. ओळखीतले सगळे म्हणतात लॉक नेस आणि स्कायची बस टूर घेऊन टाक, पण बाबांनी आयुष्यभर गड पालथे घातलेत, त्यांना खिडकीतून डोंगर बघण्यात काडीचा रस नाही, वेढा कुणी घातला, शिबंदी किती दिवस तगली, दारूगोळा कुठे ठेवायचे हे सगळं जागेवर उभं राहून बघायचं असतं. म्हणून एडिनबरा ते अ‍ॅबरडीन असा किनारा धरलाय. गाडी चालवणार नाही, फक्त ट्रेन आणि बस. आईचे गुडघे दुखतात, तेवढं धरून सल्ला द्या प्लीज.

सेंट अँड्र्यूज नक्की. तिथे स्टेशन नाही, ल्यूकर्सला उतरून बस घ्यायची एवढं कळलंय. कथीड्रलचे अवशेष आईला आवडतील, सपाट हिरवळ आहे आणि समोरच समुद्र. ११५८ ला काम सुरू झालं आणि १३१८ ला स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याच्या हजेरीत ते अर्पण झालं, म्हणजे दीडशेच्या वर वर्षं बांधकामच चालू होतं! बाबांसाठी शेजारचा किल्ला. १५४६-४७ च्या वेढ्यात बाहेरच्यांनी तटाखालून सुरुंग खणायला घेतला आणि आतल्यांनी आवाजाच्या अंदाजाने उलटा सुरुंग खणून त्यांना मधेच गाठलं, ती दोन्ही भुयारं अजून आहेत आणि आत जाता येतं. वाकून जावं लागतं म्हणे. सत्तरीचा पण काटक माणूस जाऊ शकेल का? कुणी गेलं असेल तर सांगा.

पुढे डंडीकडे जाताना टे नदीवरचा पूल लागतो. आधीचा पूल २८ डिसेंबर १८७९ च्या वादळात ट्रेनसकट कोसळला, एकही प्रवासी वाचला नाही. त्या जुन्या खांबांचे बुंधे पाण्यात अजून दिसतात, उत्तरेकडे जाताना उजव्या खिडकीशी बसायचं एवढंच.

आता खरी अडचण. आर्ब्रोथ ठेवू की गाळू? नवरा म्हणतोय गाळ, एक पडकी अ‍ॅबी (जुना ख्रिस्ती मठ) बघायला कशाला उतरायचं. मला अजिबात पटत नाहीये. १३२० मध्ये स्कॉटिश सरदारांनी आम्ही इंग्रजांच्या ताब्यात राहणार नाही असं पोपला लॅटिनमध्ये लिहून कळवलं, ते पत्र याच अ‍ॅबीतून गेलं असं मानतात. आणि १९५० च्या नाताळात काही विद्यार्थ्यांनी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतून स्कॉटलंडच्या राज्याभिषेकाचा दगड पळवला, तो पुढच्या एप्रिलमध्ये इथेच आणून ठेवलेला सापडला. शिवाय बंदराजवळ सिग्नल टॉवर म्युझियम आहे, बेल रॉक दीपगृहाचं. तो खडक भरतीला पूर्ण बुडतो, फक्त ओहोटीच्या वेळात काम करून करून ते बांधलं आणि १८११ ला दिवा लागला, अजून उभं आहे. कोकणात वाढलेल्या आईला भरती-ओहोटीचं हे गणित कुणी समजावायला नको. पण म्युझियममध्ये जिने किती आहेत? आणि लाकडाच्या धुरावर भाजलेला हॅडॉक मासा, आर्ब्रोथ स्मोकी, तो बंदरावर गरम गरम मिळतो का, की फक्त पॅक करून देतात?

शेवटी स्टोनहेवन, डनॉटर किल्ल्यासाठी. आमच्या विजयदुर्गासारखाच, तिन्ही बाजूंनी समुद्र आणि एकच वाट. क्रॉमवेलच्या फौजेने वेढा दिला तेव्हा स्कॉटलंडचा मुकुट, राजदंड आणि तलवार आत होती. किल्ला १६५२ मध्ये पडला पण त्याआधीच ती बाहेर काढून किनेफच्या चर्चमध्ये जमिनीखाली पुरून ठेवलेली, इंग्रजांना मिळाली नाहीत. आज ती एडिनबरा किल्ल्यात आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतेय, आधी मुकुट दाखवायचा आणि मग तो कुठून वाचला ती जागा. प्रश्न पायऱ्यांचा. खाली दरीत उतरायचं आणि परत वर चढायचं, हे आईला झेपणार नाही. ती वरच थांबली तर तिथून किल्ला नीट दिसतो का, बसायला बाक वगैरे आहे का? स्टेशनपासून तीनेक किलोमीटर आहे, टॅक्सी सहज मिळते का की आधी सांगून ठेवावी लागते?

अजून दोन गोष्टी. सेंट अँड्र्यूजचा किल्ला, कथीड्रल आणि आर्ब्रोथ अ‍ॅबी सरकारी संस्थेकडे आहेत, डनॉटर खाजगी, त्याचं तिकीट वेगळं. मग एवढ्यासाठी पास घेणं परवडतं का, की सुटी तिकिटंच बरी? आणि मुक्काम डंडीला करून दोन्हीकडे ये-जा करावी असं वाटतंय, रोज बॅगा उचलायला नकोत. डंडी स्टेशनजवळ आई-बाबांना घेऊन कुणी राहिलं असेल तर एरिया कसा आहे ते सांगा, रात्रीचं साधं शाकाहारी जेवण (गुरुवारी आईचा उपास असतो, तेव्हा बटाटा-दही तरी) जवळपास मिळालं तर बरं.

तिकिटं या वीकेंडला काढायचीत, आर्ब्रोथबद्दल आधी सांगितलंत तर फार मदत होईल.