थारची दारं आणि पांदण रस्ता

चिखलदऱ्याच्या घाटात महिंद्राची थार गाडी दारं काढून नेली तर चालते का, असं एकानं विचारलंय. नाही. कंपनीतून दारांसह आलेली गाडी बदलली की मोटार वाहन कायदा 1988 चं, गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं कलम 52 आडवं येऊ शकतं. त्याच कायद्याच्या कलम 182अ(4) खाली प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शेतात जाणारा पांदण रस्ताही वहिवाटीचा असला की सार्वजनिक जागाच, मोकळीक फक्त आपल्या वावरात. अपघातात त्रयस्थाची भरपाई विमा कंपनी सहसा देते, अडतो तो आपल्याच दुरुस्तीचा दावा.

वावरात दारं काढायचीच तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार, मग दाराच्या वायरिंगचा प्लग सोडवा आणि उघड्या तोंडाला टेप मारा. काळ्या मातीचा चिखल पिनांत वाळला की पॉवर विंडो रुसल्याच समजा. तार परत जोडल्यावर आतला दिवा बंद करायला विसरू नका, नाहीतर सकाळी बॅटरी उतरलेली आणि गाडीला धक्का. जुन्या जीपा मुळातच बिनदाराच्या, त्यांचं वेगळं.