गिअर लिव्हर लटकतेय, दुसरा पडत नाही. मदत हवी आहे (शनिवारी निघायचंय)

रानमोडी | मंगळवार, रात्री १०:४२
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. गिअर लिव्हर लटपटते. पहिला पडतो, दुसरा मात्र कधी पडतो तर कधी मध्येच न्यूट्रल होऊन इंजिन नुसतं भणाणतं. आज मेकॅनिक म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, आठ हजार धरून चला. शनिवारी पहाटे गणपतीला गावी जायचंय, मागे बायको आणि सॅक. इंजिन न खोलता काही होईल का? गूगल करून झालंय, तेच परत सांगू नका.

निवांत | १०:५०
कुठली गाडी?

सदूभाऊ | १०:५३
ऑइल बदला. दहातल्या नऊ वेळा ऑइलच असतं. २०डब्ल्यू५० टाका आणि विसरून जा.

रानमोडी | १०:५९
पल्सर २२० आहे. ऑइल गेल्याच महिन्यात बदललंय.

निवांत | ११:०२
कार्बुरेटरची की एफआय (फ्युएल इंजेक्शन)? साल? किती पळालीय? गाव कुठलं?

रानमोडी | ११:०६
कार्ब, २०१२, ८४ हजार. कोल्हापूरहून अणुस्कुरा घाटाने राजापूर. कार्बुरेटरचा गिअरशी काय संबंध आहे ते कळलं नाही.

निवांत | ११:०७
काही नाही. सवयीने विचारलं.

लेथवाला | ११:३१
घाई करू नका, आधी ढिलेपणा कुठे आहे ते बघा. या गाडीला फूटरेस्ट मागे आहेत, म्हणून लिव्हर थेट गिअर शाफ्टवर (इंजिनातून बाहेर आलेला, गिअर फिरवणारा दांडा) बसत नाही. लिव्हर, मग दांडी, दांडीच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट, आणि पुढे दात्यांची आर्म शाफ्टवर आवळलेली. चार ठिकाणी थोडं थोडं घासलं तरी पायाखाली इंचभर खेळ येतो. मग तुमचा पाय पूर्ण वर जातो, पण शाफ्ट अर्धाच फिरतो. मध्येच न्यूट्रल होतं ते त्यामुळेही.

कुणाला तरी हाताने लिव्हर वर-खाली हलवायला सांगा. तुम्ही खाली बसून शाफ्टच्या टोकाकडे बघा. टोकावर मार्करने रेघ मारा म्हणजे दिसेल. लिव्हर हलते पण रेघ हलत नाही, तेवढा सगळा दोष बाहेरचा. रेघ हलते पण सोडल्यावर जागेवर येत नाही, तर आतली स्प्रिंग. मग तुमचा मेकॅनिक खरा.

बुलेटकाका | बुधवार, सकाळी ६:१५
आमच्या वेळी बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. पहिला वर, बाकीचे तीन खाली. टाचेपाशी न्यूट्रलची वेगळी छोटी लिव्हर, चौथ्यातही दाबली की थेट न्यूट्रल. ही दांडी-जॉइंटच्या लिंकेजची भानगड मी आयुष्यात उघडली नाही. हल्लीच्या पोरांना पायाने गिअर टाकता येत नाही, आपटतात.

टॉपगिअर_विट्याचा | सकाळी ७:०२
काका, येझदीला तर किक आणि गिअर एकच दांडी. आत दाबून मागे वळवली की किक. मामाच्या येझदीवर शिकताना मी गिअर टाकायला गेलो नि किक मारली.

रानमोडी | सकाळी ७:१०
माझा प्रश्न २२० चा आहे.

मंजिरी_क | सकाळी ७:४४
क्लचचा प्ले (मोकळा खेळ) बघितलात का? हँडलवरच्या क्लच लिव्हरच्या मुळाशी दोन-तीन मिमी हवा. जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर अडतो. दहा मिनिटांचं काम आहे, आणि बघायला एक रुपया लागत नाही.

रानमोडी | सकाळी ८:२०
क्लच ठीक आहे. रेघेचा प्रयोग केला (बायकोने लिव्हर हलवली, "अजून किती वेळ" असं चारदा विचारून). लिव्हर बरीच हलते, रेघ जागेवरच. सोडल्यावर शाफ्ट नीट परत येतो. मागचा बॉल जॉइंट खुळखुळतो आणि आर्म शाफ्टवर फिरते. बोल्ट आवळला, आणखी आवळत नाही, तरी फिरते.

डिझेलदादा | सकाळी ८:३५
मग सोपंय. आर्मला शाफ्टवर दोन टाके वेल्डिंग मारून घ्या. माझ्या गाडीला मारलेत, तीन वर्षं झाली, डोकेदुखी संपली.

लेथवाला | सकाळी ८:५१
डिझेलदादा, कृपा करा. शाफ्टच्या मागे लगेच ऑइल सील (ऑइल अडवणारं रबर) आहे, वेल्डिंगच्या उष्णतेने ते जळतं आणि ऑइल ठिबकायला लागतं. पुढे चेनचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) बदलायचं तर कव्हर काढावं लागतं, कव्हरसाठी आर्म काढावी लागते. ती कशी काढणार, ग्राइंडरने?

डिझेलदादा | सकाळी ९:०४
स्प्रॉकेट कोण रोज बदलतं? लेथ चालवणाऱ्यांना प्रत्येक गोष्ट लेथवरच करायची असते.

मंजिरी_क | सकाळी ९:०९
वेल्डिंग केलंच तर बॅटरीच्या दोन्ही वायरी आधी सोडा. शेजाऱ्यांच्या गाडीचं रेक्टिफायर उडालं होतं. करा असं म्हणत नाहीये.

लेथवाला | सकाळी ९:३०
रानमोडी, आर्मच्या फटीकडे बघा. बोल्ट जिथे आवळतो तिथे फट असते. ती पूर्ण मिटली असेल तर बोल्ट कितीही ताणा, दात्यांना पकड बसत नाही. बोल्ट काढून शाफ्टचे दाते तपासा. शाफ्ट कडक असतो, बहुतेक आर्मच घासते. शाफ्टचे दाते शाबूत असतील तर नवी आर्म आणि दांडी, बस. गाडी कधी पडली होती का?

रानमोडी | दुपारी १:१२
फट मिटलीय. पडली होती हो, जूनमध्ये रंकाळ्याच्या वळणावर, पावसात. डाव्या अंगावर. लिव्हर आत वाकली होती, मी हातोडीने सरळ केली. त्याचा काही संबंध?

निवांत | दुपारी १:१५
😀

लेथवाला | दुपारी १:४०
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं, राव. दांडीही वाकली असणार. ती तिरकी चालते, म्हणून जॉइंट एका बाजूने खाल्ला गेलाय. दांडी आणि आर्म काटकोनात हवीत. दांडी सोडताना एक लक्षात ठेवा: एका टोकाला उलटे आटे आहेत, म्हणजे तो नट उलट्या दिशेने सुटतो.

रानमोडी | रात्री ९:५५
दांडीचा एक लॉकनट सुटला. दुसरा जाम होता, जोर लावला तर नटाचे कोपरेच गेले. आता काय करू?

लेथवाला | रात्री १०:०३
उलटे आटे म्हणालो होतो.

रानमोडी | रात्री १०:०५
वाचलं होतं. पाना हातात आल्यावर विसरलो.

टॉपगिअर_विट्याचा | रात्री १०:११
असू द्या, दांडी बदलायचीच होती. उद्या उद्यमनगरात जा. बेअरिंगच्या दुकानात ६ मिमीचे रॉड एंड (दांडीच्या टोकाचे बॉल जॉइंट) मिळतात, एक सरळ आट्याचा, एक उलट आट्याचा. जुने बॉल जॉइंट नमुन्याला न्या, "गिअरचा तो गोळा" म्हणून मागू नका.

सदूभाऊ | गुरुवार, सकाळी ७:३०
ऑइल कोणतं टाकलं होतं ते अजून सांगितलं नाहीत.

रानमोडी | संध्याकाळी ७:४८
दांडी आणि जॉइंट मिळाले. आर्म संपलीय, सोमवारी येईल म्हणतात. शाफ्टचे दाते चांगले आहेत. सोमवारपर्यंत गणपती थांबत नाही. जुन्या आर्मवर काही होईल का? वेल्डिंग सोडून.

लेथवाला | संध्याकाळी ८:१०
हॅक्सॉ ब्लेडने फट मिलिमीटरभर वाढवा, कानशीने साफ करा. बोल्ट नवा घ्या. तो शाफ्टच्या खाचेतून आडवा जायला हवा, जबरदस्तीने आत ठोकू नका. तरी हललं तर कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कात्रीने पट्टी कापून दात्यांवर गुंडाळा आणि मग आवळा. हा चार दिवसांचा जुगाड आहे, नवी आर्म आली की बदलायचीच. १० चा पाना सोबत ठेवा, मलकापूरला चहाला थांबाल तेव्हा एकदा बोल्ट बघा.

डिझेलदादा | संध्याकाळी ८:२२
डब्याचा पत्रा चालतो, वेल्डिंग चालत नाही. वा.

रानमोडी | शनिवार, दुपारी २:३०
पोचलो. फट कापली, पट्टी लावली, बोल्ट मलकापूरला पाव फेरा आवळला, पाचलला बघितला तर जागेवर. घाटात दुसरा-पहिला नीट पडत होता. फक्त आर्म एक दाता वर बसलीय, गिअर टाकताना गुडघा उचलावा लागतो. परतायच्या आधी खाली घेतो. लेथवाला, उद्यमनगरात तुमचं शॉप कुठे? मोदक आणतो.

बुलेटकाका | दुपारी ४:०५
गुडघा दुखत असेल तर निर्गुंडीचा पाला बांधा. गाडीचं नंतर बघू.

निवांत | दुपारी ४:०९
आठ हजारवाल्या मेकॅनिकला सांगितलंत का?