नीतिमत्तेच्या पेपरात खाण आणावी की वगळावी?

फोंड्याची टीचर:
सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाचा ‘व्यावसायिक नीतिमत्ता आणि शाश्वतता’ यंदा माझ्या गळ्यात पडलाय. (असले पेपर कंत्राटी शिक्षकांच्याच वाट्याला का येतात, तो वेगळा विषय.) जुन्या उत्तरपत्रिका चाळल्या. बहुतेकांनी १९८७च्या ब्रुंटलँड अहवालातली शाश्वत विकासाची व्याख्या घोकून उतरवलीय आणि उदाहरण भोपाळचं दिलंय. मार्कही पडलेत. गोव्याच्या खाणपट्ट्यातली, डिचोली-सत्तरीची पोरं भोपाळ लिहितात आणि खाणींमुळे शेजारच्या शिरगावातल्या पाण्याचं काय झालं त्यावर अवाक्षर नाही, हे मला पचत नाही.

अडचण अशी की यातल्या बऱ्याच जणांच्या घरी खनिज वाहणारा टिपर (ट्रक) होता. सप्टेंबर २०१२मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा ही मुलं जेमतेम शाळेत जायला लागली होती. बँकेचे हप्ते थकलेले, बाप घरी बसलेला, हे बघत ती मोठी झाली. फळ्यावर ‘बेकायदा खाणकाम’ लिहिलं की वर्ग चिडीचूप. मग खाण वगळू का? नाहीतर शिकवू कशी?

निवृत्त ओव्हरसियर:
टीचर, नीतिमत्ता फळ्यावर शोधू नका, एस्टिमेटात शोधा. पोरांना बोरी-शिरोड्याकडच्या एखाद्या खाजनात (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात) मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारावर न्या, भरती सुरू व्हायच्या बेताला. नदीचं पाणी चढू लागलं की लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं तीच उघडतात. मोटर नाही, ऑपरेटर नाही. दार किती कुजलंय तेही हात लावून बघू दे त्यांना.

मग सांगा, या शेतातून रस्ता काढा. भराव घातला, खाली नऊशे मिलिमीटरचा एक पाइप टाकला, एस्टिमेट स्वस्तात बसलं. पावसात वरच्या अंगाचं पाणी मानशीपर्यंत पोचतच नाही आणि भात कुजतं. पाइपचा साइज लिहिणाऱ्यानं लाच खाल्लेली नसते हो! त्यानं फक्त पाण्याचा हिशेब केलेला नसतो. सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) २०११च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, त्याही वाचायला लावा. मी नोकरीत असताना आमच्याकडे कोणी वाचत नसे.

डिचोलीकर मेकॅनिकल:
वगळू नका. वगळलीत तर आम्ही समजणार, टीचरलाही आमची लाज वाटते. माझे वडील टिपरवालेच. फक्त सुरुवात टिपरवाल्यापासून करू नका. खड्डा किती खोल न्यायचा ते त्यानं ठरवलं नव्हतं.

एक टन खनिजामागे साधारण अडीच-तीन टन माती निघते. ती कुठं रचायची, त्या ढिगाला, म्हणजे डंपला उतार किती, पायथ्याला भिंत कुठं, पावसात वाहून येणारा गाळ शेतात जाण्याआधी अडवायचा कसा, हे सगळं इंजिनियरच कागदावर मांडतो. खड्डा भूजलाच्या खाली गेला की रात्रंदिवस पंप चालतात. गावच्या विहिरी आटल्या की टँकर येतो, आणि टँकर आला म्हणून लोक आभारही मानतात. वर्गाला विचारा, तुम्ही त्या प्लॅनवर सही केली असती का? नसती केली, तर दुसऱ्या दिवशी घर कशावर चाललं असतं? दुसरा प्रश्न गाळलात तर पहिल्याचं उत्तर सगळे छान छान देतील.

वाळपईचा:
आयआयटीचं पण घ्या की! शाश्वतता शिकवणाऱ्या संस्थेच्या कॅम्पससाठीच आमच्या सत्तरीतल्या मेळावली गावची जमीन हवी होती. लोक अडून बसले, जानेवारी २०२१मध्ये सरकारला तिथून माघार घ्यावी लागली. यावर दहा मार्कांचा प्रश्न काढून दाखवा.

फोंड्याची टीचर:
काढते. एचओडी काय म्हणतील ते बघू.

डिचोलीकर, दोन्ही प्रश्न घेते, पण लेखी. वर्गात उभं राहून बापाच्या कर्जावर कोण बोलणार? मानशीची फेरीही नक्की, भरतीच्या वेळा बघून दिवस ठरवते. मार्कांचं मात्र कोणी बोललंच नाहीत. मला पाण्याचा हिशेब आणि सही कोणाची, एवढ्यालाच मार्क द्यायचेत, नुसत्या व्याख्येला शून्य. पण मॉडेल आन्सर आधी जमा करावं लागतं. सहीच्या प्रश्नाचं मॉडेल आन्सर कोणी लिहून देता का?